घराण्यात कोणाला होतं का

ताई, मला तुझं सुतक नाय.

सासूबाईंनी सांगितलं. तुला नेलं आणि मग आम्ही मरोळवरून बोरिवलीला घरी आलो, तर त्यांनी दारातच बादली भरून ठेवलेली. बोलल्या, "आधी डोक्यावरून पाणी घे, मग पोरीला घे, कधीची रडतेय." वाकडं नाय बोलल्या, मायेनेच बोलल्या. मी आंघोळ करून आली, ओल्या केसांनीच स्वराला पाजलं, ती झोपली. मग बोलल्या, "आता देवाला दिवा लाव. ती तिच्या घरची, तू या घरची. सुतक तिच्या सासरच्यांना. तुझं आंघोळीने फिटलं." मी लावला दिवा. काड्या पेटत नव्हत्या, हात ओले होते म्हणून असेल.

तेव्हापासून मी सगळं करतेय. मेथी निवडते, कुकर लावते, दीपकचा डबा भरते, स्वराचे कपडे वाळत घालते. कोणी बघितलं तर वाटेल हिच्याकडे काय झालंच नाय. तुझं बारावं व्हायचंय अजून, आणि मी इथे भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडली काल, आणि भांडता भांडता मला एकदम दम लागला, रडू नाय आलं, नुसता दम लागला, तो बिचारा बोलला घ्या वहिनी, घ्या, फुकट घ्या.

तुझा फोन भावोजींकडे आहे म्हणून तुला मेसेज करता येत नाय. नायतर मी केला असता. तू शिकवलेलंस ना, माईक दाबून बोलायचं, तो आपोआप लिहितो, तुझं शुद्धलेखन त्याच्या डोक्यावर. तसंच बोलतेय आता. स्वरा झोपलीय. उठली की बंद करीन.

मला भीती वाटते ताई. तुला माहितीय कसली.

आठवतं का, तुझं सुरुवातीला होतं तेव्हा त्या मॅडमकडे आपण सगळेच गेलेलो. जीनवाल्या मॅडम. तू, आई, बाबा, मी आणि माझ्या पोटात स्वरा. चाळिशीच्या आत झालंय म्हणून रक्त तपासायचं ठरलेलं, आणि मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या घराण्यात कोणाला होतं का, असा कॅन्सर?" आई लगेच बोलली, "आमच्यात नाय कोणाला." बाबाने मान हलवली. मी पण हलवली. खोटं कोणीच बोललं नव्हतं. आपल्या मोजणीने खरंच नव्हतं कोणाला.

मग रिपोर्ट आला. जीनचं नाव चेक-टू की काय, त्यात बिघाड आहे, आणि तो आईकडून नायतर वडिलांकडून आलाय. मॅडमनी परत विचारलं, या वेळी वेगळं विचारलं. "बाबा, तुम्हाला बहीण होती?"

बाबा बोलला, "होती. पण ती लगीन होऊन गेली."

"त्या आहेत?"

"नाय. तरणीच गेली."

"कशाने गेल्या?"

"ता तिच्या सासरचा, मॅडम. त्यांच्या देवाचा कायतरी रवलेला."

मॅडमना मालवणी कळत नव्हती, तूच सांगितलंस, की सासरच्या देवाचं काहीतरी करायचं राहून गेलं म्हणून आत्या गेली असं आमच्यात मानतात. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग हळू विचारलं, "छातीत गाठ होती का हो?"

बाबा बोलला, "होती."

ताई, आपण लहानपणापासून ऐकलेलं ते. आत्याच्या सासरच्यांनी देवाला राखणीचा कोंबडा दिला नाय, नवस फेडला नाय, म्हणून तिला गाठ आली. म्हणजे गाठ त्यांच्या घराण्यातली, आपल्या नाय. आत्या लग्न होऊन गेली तेव्हा ती तिचं नशीब, तिचा देव, तिचं दुखणं, सगळं घेऊन त्यांच्याकडे गेली. म्हणून आपल्यात कोणाला नव्हतं. आणि म्हणून तुला काखेजवळ लागलं तेव्हा तू बोललीस, कंपनीत मशीनची कड लागली असेल. सहा महिने बोलत होतीस ते. कोणालाच आठवलं नाय आत्याचं. कोणालाच म्हणजे कोणालाच, मला पण.

बाबाचं तोंड त्या खोलीत कसं झालेलं ते मला अजून दिसतं. बाहेर बाकावर आल्यावर तो तुझ्याकडे न बघता बोलला, "ह्यां माझ्याकडसून इलां काय गो, बाय?" आणि तू, केस नव्हते तुला तेव्हा, तो निळा रुमाल बांधलेला, तू बोललीस, "बाबा, तुमच्याकडून हे नाक पण आलं. आख्खी शाळा पोपट बोलायची मला. त्याबद्दल कधी काय बोललात?" बाबाला हसावं की काय करावं कळेना. मग बोललीस, "आत्याने लग्नात आडनाव बदललं ते जीनला कोणी कळवलंच नाय वाटतं." आई ओरडली तुला, हॉस्पिटलात काय दात काढतेस म्हणून.

मला तेव्हा काय कळलं नव्हतं. जीन काय, पेशी काय. नववीत शाळा सोडली ना मी, तू महिनाभर बोलली नव्हतीस माझ्याशी त्यावरून. वेणी घालायचीस रोज, पण मुक्याने, आणि एवढी घट्ट घालायचीस की डोळे वर जायचे माझे. त्या रिपोर्टच्या दिवशी आरेतून बसने येताना मात्र तू मला नीट समजावलंस. खिडकीशी बसलेलीस, तुला वारा लागायला हवा असायचा, रुमाल सारखा उडत होता आणि तू तो धरत पण नव्हतीस. बोललीस, "पिंके, माझं काम काय आहे सांग."

मी बोलली, गोळ्या पॅक करायचं.

"पॅक मशीन करते. मी काय करते?"

तू चेकर. तुझ्यासमोरून गोळ्यांच्या पट्ट्या जातात, खाली लाईट असते, एखाद्या पट्टीत गोळी नसली, तुटकी असली, पन्नी फाटलेली असली की तू लाल बटण दाबतेस. बेल्ट थांबतो. ती पट्टी काढायची, मग परत चालू. मला पाठ होतं ते, तू इतक्या वेळा सांगितलेलं, सुपरवायझर कसा ओरडतो बेल्ट थांबवला की, आणि तू त्याला कसं सुनावतेस, की साहेब, ही पट्टी तुमच्या आईला दिली तर चालेल का.

"मग तसंच," तू बोललीस. "आपल्या अंगात पण बेल्ट चालू असतो. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. मॅडम बोलल्या, हा जो जीन आहे तो एक माल बनवतो, प्रोटीन. त्या प्रोटीनचं काम हेच, की पेशीच्या दोन होताना आत काय तुटलेलं दिसलं तर थांब बोलायचं. आधी नीट कर, नायतर फेकून दे, मग पुढे जा. आपला तो चेकर आहे ना, तो धड बसलेलाच नाय. त्यामुळे तुटलेल्याचं दुप्पट, दुप्पटीचं चौपट, चाललाय बेल्ट."

मी विचारलं, कुठे गेला तो?

"लंचला गेला. परत आलाच नाय, मेला."

आपण दोघी हसलो. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. ताई, मला त्या हसण्याचा आता त्रास होतो आणि त्याच्याशिवाय माझ्याकडे दुसरं काय आहे पण नाय.

मग स्वरा झाली. तुझं ते सगळं चालू असताना तू डिंकाचे लाडू घेऊन आलीस बोरिवलीला, अर्ध्या वाटेत उलटी झाली तुला, ते नंतर भावोजींनी सांगितलं. मला पोरगी अंगावर घेता येत नव्हती, ती किंचाळायची, मी रडायची, सासूबाई सांगायच्या पण मला लाज वाटायची. तू आलीस, दार लावलंस, आणि माझ्या पाठीमागे उशी लावून तिचं डोकं असं धरलंस. तुला स्वतःला पोर नव्हतं, एक बाजू कापून टाकलेली तुझी, आणि तू मला शिकवत होतीस पाजायचं कसं. ती लागली एकदाची. तू बघत बसलीस. मी तुझ्याकडे बघितलं नाय तेव्हा. बघायला हवं होतं की नाय, मला माहीत नाय. तू काय विचार करत असशील ते मला विचारायचं होतं नंतर कधीतरी.

आणि मग ती गाठ. स्वरा सात-आठ महिन्यांची असेल. मी आंघोळ करत होती, हाताला लागली. ताई, मी बाथरूममध्ये खाली बसली. नळ चालू, सासूबाई बाहेरून बोलतायत पाणी जाईल पाणी जाईल, आणि मी बसलेली. मला फक्त स्वराचे दात दिसत होते, खालचे दोन, नुकते आलेले. मी दीपकला नाय सांगितलं, कोणालाच नाय सांगितलं, पोरीला काखोटीला मारली आणि तुझ्याकडे आली. तू पलंगावर होतीस, उठवत पण नव्हतं तुला. तू हात लावून बघितलंस. मला बोललीस, "गरम पाण्याचा फडका ठेव, आणि हिला याच बाजूला पाज." मी ठेवला, पाजलं, तू स्वराची हनुवटी गाठीकडे वळवून धरलेलीस. संध्याकाळपर्यंत मऊ पडली. तरी तू दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायला लावलंस, त्या पण बोलल्या दूधच साचलंय.

मी देवाचे आभार मानले. तू बोललीस, "आता टेस्ट कर."

तिथूनच आपलं सुरू झालं, आणि ते संपलंच नाय.

मी बोलली, कशाला? नाय ना गाठ. तू बोललीस, आज नाय. मी बोलली, कळून काय करू मी? कळलं तर रोज मरीन. तू बोललीस, "मॅडम काय बोलल्या, असला तरी होईलच असं नाय. फक्त बघत राहायचं, दरवर्षी मशीनखाली जायचं. लवकर सापडलं तर निघतं." मी बोलली, आणि घरी काय सांगू? सासरी कळलं की माझ्यात खोट आहे, मग? उद्या स्वराचं लग्न ठरवायला गेलो आणि कोणीतरी बोललं हिच्या आईच्या रक्तात आहे? तू एकदम चिडलीस. तुला बोलायला दम पुरत नव्हता तरी चिडलीस. "ती अजून शेंबूड पुसत नाय स्वतःचा आणि तू तिचं लग्न मोडून बसलीस."

मग थोड्या वेळाने हळू बोललीस, "माझ्यापाशी थांबलं, पिंके. माझ्या मागे कोणी नाय. तुझ्या मागे आहे."

मी उठून आली. राग नव्हता मला. मला असं वाटलं की तू मला तुझ्यात ओढतेयस, त्या पलंगावर, त्या रुमालात. मी जिन्यावरून एवढी पटापट उतरली, स्वराला उचकी लागली.

अजून पण मला वाटतं की माझं अर्धं बरोबर होतं. न कळण्यात झोप लागते ताई. हे तू कधीच मानलं नाहीस, तुला सगळं लाईटवर धरून बघायची सवय. पण सगळ्यांना तसं नाय जमत.

शेवटच्या दिवसांत तू बोलतच नव्हतीस. लिव्हरला पोचलेलं. मी शेजारी बसायची, स्वराला आई सांभाळायची बाहेर. तुझा उजवा अंगठा सारखा पलंगाच्या लोखंडी दांड्यावर दाबायचा. दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. भावोजी बोलले दुखत असेल, नर्सला बोलवू या. त्यांनी औषध दिलं. तरी अंगठा चालूच. मला माहीत होतं तो काय दाबतोय. म्हणजे मला वाटलं. दुखत पण असेल, मला काय माहीत. मी माझा तळवा मध्ये घातला, लोखंड गार होतं म्हणून. मग तू माझ्या हातावर दाबत राहिलीस. तुझ्या अंगठ्यात तेवढा जोर कुठून आला होता.

मी तेव्हा तुला सांगायला हवं होतं की करते टेस्ट. खोटं खोटं तरी. पण तुझ्याशी खोटं बोललं की तुला कळतं, म्हणून नाय बोलली.

आता ऐक. तू गेल्यावर मला वाटलेलं की सुटली, आता कोणी मागे लागणार नाय. आणि मग तो दिवा. सासूबाई बोलल्या ना, ती तिच्या घरची, तू या घरची. मी काडी ओढत होती आणि डोक्यात बाबा बोलत होता, ती लगीन होऊन गेली. ता तिच्या सासरचा. ताई, मी घाबरली. आजारापेक्षा जास्त घाबरली त्या वाक्याला. आपण परत तेच करणार. थोड्या वर्षांनी स्वरा मोठी होईल, तिला कोणीतरी विचारेल तुमच्या घराण्यात कोणाला होतं का, आणि ती बोलेल नाय. मावशी होती एक, पण ती मरोळला दिलेली.

दोन-तीन दिवसांनी रात्री दीपकला सांगितलं, मी टेस्ट करते म्हणून. तो जेवत होता, दिवसभर टेम्पो चालवून आलेला. बोलला, "कळून काय करणार आहेस?"

माझंच वाक्य. त्याच्या तोंडून ऐकलं तर कसं वाटलं सांगू, दुसऱ्याच्या अंगात आपला ड्रेस बघितल्यासारखं. मी बोलली, "बघत राहीन. लवकर सापडलं तर निघतं."

"आणि आईला काय सांगायचं?"

"मी सांगीन."

तो बराच वेळ भात कालवत बसला. मग बोलला, "स्वराला पण करायला लागेल?" मी बोलली नाय, लहान पोरांची नाय करत, मोठी झाली की ती ठरवेल. त्याचं तोंड जरा सैल झालं. "जा मग. मला सुट्टी नाय भेटणार, बाबाला घेऊन जा."

बाबा आला. घाटकोपरवरून एकटा आला, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याचं पण सुतक केव्हाच संपलेलं, मुलगी लग्न झालेली ना, बापाला तीनच दिवस. दाढी केलेली नव्हती तरी. मी बोलली, बाबा, दाढी? बोलला, "रवली." आणि स्वराला माझ्याकडून घेतलं.

त्याच मॅडम होत्या. तुझं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पाणी दिलं आम्हाला. मग बोलल्या, "तरी मला सगळं परत विचारावं लागेल हं, तुमच्यासाठी नव्याने." नाव विचारलं, वय विचारलं, पोरीला पाजता का विचारलं. आणि मग विचारलं, "तुमच्या घराण्यात कोणाला होतं का?"

बाबाने स्वराला घट्ट धरलं. मी त्याच्याकडे बघितलं नाय.

मी बोलली, "आत्याला. बाबाच्या बहिणीला. आणि माझ्या ताईला."

त्यांनी लिहिलं. सवयीने विचारलं असेल, "सख्खी?"

"सख्खी," मी बोलली. "एकाच घरातल्या आम्ही."

सुई टोचली तेव्हा मी भिंतीकडे बघत होती, तुला माहितीय मी केवढी डरपोक आहे. बाबा बोलत होता स्वराला, "बघ, बघ, तुझी आई रडत नाय." मी रडत होती. रिपोर्टला वेळ लागेल. तोवर मला रोज वाटणार की आहे, आणि रोज वाटणार की नाय. अर्धं अर्धं आहे, मॅडम बोलल्या, नाणं उडवल्यासारखं. तू असतीस तर बोलली असतीस, मग नाण्याकडे काय बघतेस, भाजी टाक, करपतेय. मी तुझी वाट बघते त्या बोलण्याची. फोन वाजला की अजून पहिल्यांदा तूच वाटतेस.

घरी आली तर दिवेलागण झालेली. सासूबाईंनी समई पुसून ठेवलेली, वात घातलेली, तेल घातलेलं. बोलल्या, "आलीस? पाय धू आणि दिवा लाव गं."

मी तशीच उभी राहिली, दंडाला तो कापूस चिकटलेला.

"मला सुतक आहे," मी बोलली. "माझी बहीण गेलीय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना पण बहिणी होत्या ताई, चार, सगळ्या कुठे कुठे दिलेल्या. मला वाटलं आता बोलतील. त्यांनीच काडी ओढली, दिवा लावला, हात जोडले. मग स्वराला माझ्याकडून घेतलं आणि बोलल्या, "बस जा तू. भात मी लावते."

मी बसलीय, ताई.